गोल बाणाचं बटण

धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद. रुसव्यात घ्यायचा नसेल तर उंबऱ्याशी राहू दे, सवडीने घे. पोटाचे टाके सुकले का? मी बरी आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकीची. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे वाकडंतिकडं लिहितेय.

रविवारी तुला बघायलाच निघालो होतो गं. गुडघ्यांमुळे मी पुढे, मुलगा गाडी चालवायला, मागे सून आणि नातवंडं (दोनच आहेत, पण दंगा वऱ्हाडाचा). अर्ध्या वाटेत मला वाटलं, परत फिरावं. का ते विचारू नकोस. मुलाला सांगायचं तर आधी त्याचं भाषण ऐका. समोरच्या एका बटणावर गाडीचं चित्र होतं आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. मला अक्षर कमी कळतं, चित्र कळतं. गाडी वळवायचं बटण! हळूच दाबलं. गाडी आपली सरळच. म्हटलं, मोठी आहे, वळायला वेळ लागत असेल.

पुढे कचऱ्याची गाडी होती तरी आत वास येईना, सगळे खूश. मग पाऊस लागला आणि काचा आतून पांढऱ्याफटक. मुलगा बाहीने पुसतोय, सून ओढणीने, नातवंडं त्यावर माकडं काढतायत. सगळ्यांना जांभया, सुनेचं डोकं दुखायला लागलं (माझ्याबरोबर असली की ते एरवीही दुखतं). मुलगा म्हणतो, "आई, श्वास जरा बेताने घे." जन्म दिला मी, आणि आता माझाच श्वास जड झाला! शेवटी गाडी कडेला घेतली, काचा खाली केल्या, सून म्हणाली, "घरी चला." फिरलो. म्हणजे बटण चालतं, उशिरा चालतं एवढंच.

घराजवळ त्याला बटणावरचा दिवा दिसला आणि भाषण झालंच. त्या बाणाने बाहेरची हवा बंद होते, आतलीच फिरत राहते. धूर-वास असेल तेवढ्यापुरतं लावायचं, नाहीतर श्वासाची वाफ काचेवर बसते. तुझ्या रुसव्याचंही तेच झालंय. दार उघड जरा.

तुझी थोरली

ता. क. कवळी घरी वाटीतच राहिली होती. तुझ्याकडे तुझी जाऊ बसलेली असणार. तिच्यापुढे बोळकं तोंड घेऊन येऊ?

पुन्हा ता. क. बटणाचा ओरडा नातवंडांनी खाल्ला, निघण्याआधी दोघं पुढे बसून खेळत होती ना. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या मुलाला फोन करून तूच सांग, बटण आईने दाबलं म्हणून. आजारी माणसाला तो भाषण देणार नाही. पण कवळीचं बोललीस तर टाके सुकलेत की नाही ते मी बघणार नाही.