दत्तूचं मुंडण

मंगळवार, दिवेलागण

झरी गावातल्या खुनानं चॅनेलवाल्यांची दिवाळी झाली. मयताला मूल नाही, म्हणून पुतण्या दत्तूनं अग्नी दिला, डोकं भादरलं. तेच डोकं आज दिवसभर टीव्हीवर, लाल वर्तुळात: ‘ओळख लपवण्यासाठी मुंडण?’ प्रश्नचिन्ह तेवढं सभ्य. माझ्या अर्धवट खूनकादंबरीत हे लिहिलं असतं, तर अतिशयोक्ती म्हणून परत आलं असतं.

मघाशी दत्तू परभणीला माझ्या घरी आला. या उकाड्यात माकडटोपी घालून.

“दादा, लोकं डोक्याकडंच बघायलेत. मारतेत की काय वाटायलंय.”

“टोपी काढ आधी. तोंड लपवलं म्हणतील.”

त्यानं काढली. कानामागं वस्ताऱ्याची जखम. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी मोबाइल वर धरला.

“घाल,” मी म्हणालो.

“एक काहीतरी सांगा. तुमी पेपरवाले.”

संपादकांना फोन लावला. म्हटलं, मुंडण सुतकाचं आहे, एवढं उद्या पहिल्या पानावर छापू.

“छापू की,” ते म्हणाले. “फोटो मात्र डोक्याचाच लागेल. जवळून.”

दत्तू अजून ओट्यावर बसलाय. टोपी हातात. मी काय ठरवतो ते बघायलाय.