माझं कामसू हृदय

३ मार्च, सोमवार
खोकल्याचं औषध मागायला गेले आणि रक्ताच्या चाचण्या घेऊन आले. बोलता बोलता तोंडून गेलं की आमचा तिसरा मजला हल्ली उंच झालाय. डॉक्टरीणबाईंनी लगेच पेन काढलं. खरं तर मी दुसऱ्या मजल्यावर थांबते ती मास्तरीणबाईंच्या कुंड्या बघायला. सगळी रोपं वाळलीत, पण माणसाने चौकशी करावी.
छातीवर ओझं वाटतं, ते वेगळं. ते आमचे हे गेल्यापासूनचं आहे. दुःखाला चाचणी नसते.

५ मार्च
लेकीचा फोन. आई, उद्याच रक्त देऊन ये. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो, तसं रक्तही आवरून द्यावं. आजपासून तळण, साखर, लोणी बंद. ती म्हणाली, आई, ही परीक्षा नाहीये गं. शाळेत असतानाही ती परीक्षेबद्दल असंच बोलायची. निकाल मला बघावा लागायचा.
वाचनालयातून रक्ताच्या चाचण्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. आपला रिपोर्ट आपण वाचायचा. डॉक्टरांनी वाचला की त्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात. तिथे हे माझ्याशी बोलत बोलत चालत गेले होते. परत चालत आले नाहीत. मी काही त्या दारातून आत जाणार नाही.

७ मार्च, दुपारी
पुस्तक सोपं आहे. लोक उगाच घाबरतात. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरलेला चुरा. फुप्फुसात गुठळी अडकल्याची शंका आली की तो मोजतात. सीआरपी म्हणजे खालच्या मजल्यावरची चौकस बाई. कुठेतरी आग लागलीय एवढं ओरडून सांगणार, कुणाच्या घरात ते सांगणार नाही.
मग बीएनपीचं पान. हे हार्मोन हृदय स्वतः तयार करतं, इथवर वाचलं आणि डोळे दुखायला लागले. उरलेलं उद्या.

९ मार्च
उरलेलं पान राहिलं. मास्तरीणबाईंनी त्यांचा रिपोर्ट वाचायला बोलावलं होतं. त्यांना महिनाभर खोकला आहे. इओसिनोफिल वाढलेत. ऍलर्जी असेल, दमाही असू शकेल. मी स्पष्ट सांगितलं, असलं काही अंगावर काढू नका, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. त्या म्हणाल्या, अहो, पण धाप तुम्हाला लागलीय. मी म्हटलं, जिना उतरून आले ना. त्या म्हणाल्या, तुम्हाला येऊन अर्धा तास झाला, मी चहा करून आणला.
विषय बदलला. केक खाल्ला. दुसऱ्याच्या घरी नियम लागू नसतात.

११ मार्च
नव्या चपला आक्रसल्या. सकाळी होतात, संध्याकाळी होत नाहीत. दुकानदाराकडे नेल्या. तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, मावशी, चपला नाही हो, पाय वाढलेत. हल्ली गिऱ्हाईकाशी कसं बोलावं याची रीतच राहिली नाही.
शिलाई मशीनवर फार वेळ बसते, म्हणून सुजत असतील. पाय वर घ्यायला सवड कुठे आहे.
यांच्या दोन्ही उशा आता मीच घेते. तीन उशांवर झोप छान लागते. सपाट झोपलं की जीव घाबरा होतो. सोबतीची सवय, दुसरं काय.

१३ मार्च
रक्त दिलं. काल दुपारपासून पोटात काही नाही. लॅबमधला म्हणाला, मावशी, एवढं उपाशी राहायला कुणी सांगितलं, रात्रभर पुरे होतं. मी म्हटलं, हयगय नको.

१४ मार्च
रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन उत्तम. कोलेस्टेरॉल हद्दीत, म्हणजे केक धरूनही. चांगलं कोलेस्टेरॉल जास्त आहे, ते जास्तच असावं लागतं.
आणि बीएनपी. शंभराच्या आत लिहिलंय, माझं आठशे चाळीस. पुस्तक उघडायची गरजच नाही. हृदय स्वतः बनवतं, म्हणजे माझं हृदय इतरांच्या आठपट कामसू. या वयात. यांना सांगायला हवं होतं. मला आळशी म्हणायचे.

१५ मार्च
मास्तरीणबाईंना आकडा सांगितला. त्यांचा काय होता म्हणून विचारलं. त्यांची ती चाचणीच केली नव्हती. बिचाऱ्या.
लेकीलाही फोनवर सांगितला. तिने आकडा दोनदा विचारून घेतला. मला वाटलं, अभिमानाने. संध्याकाळी बॅग घेऊन दारात हजर. रिपोर्ट वाचला नाही, खाली बसून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ती म्हणाली, आई, किती दिवस? मी म्हटलं, चपला वाईट आहेत. ती रडायला लागली.

१६ मार्च
डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, काकू, हमालाला ओझं झेपेना म्हणून तो आरडाओरडा करतोय आणि तुम्ही म्हणता, काय कामसू आहे. हृदयावर ताण पडला की बीएनपी वाढतं. रक्त नीट पुढे ढकललं जात नाही, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतं. धाप त्याचीच. मी म्हटलं, पुस्तकात तसं नव्हतं. लेकीने पिशवीतून पुस्तक काढून ते पान उघडलं. तसंच होतं. पुढच्याच ओळीत.
इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला मोठ्या हॉस्पिटलात. मी दारात बराच वेळ उभी राहिले. लेक म्हणाली, आई, माझा हात धर. मी म्हटलं, मी धरत नाही, तू माझा धर. चालत आत गेले. दुपारी चालत बाहेर आले. हृदय कमजोर आहे, पण औषधाने चालेल म्हणाले.

२५ मार्च
अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या चालू आहेत. बाथरूमपासून लांब जायची सोय नाही. पायांची हाडं दिसायला लागली. मजला पुन्हा पूर्वीइतका झाला. छातीवरचं ओझं जवळजवळ गेलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. इतके महिने मी ज्याला दुःख म्हणत होते, ते पाणी होतं?
आज डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग यांच्याबद्दलचं जे होतं, ते? त्यांनी रक्तदाबाचा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, काकू, ते लघवीवाटे जात नाही.
बरं झालं. मला वाटलं, तेही गेलं.