फोल्डर दिला, वाटेसकट

चि. सम्यक यास,

अभयकाकाचा सप्रेम जयभीम. तू, तेजस्वी आणि तुमचं ते लाडावलेलं मांजर खुशाल असाल. इकडे मालगुंडात आम्ही बरे आहोत. बरा नाही तो तू बसवून दिलेला कॉम्प्युटर. फोन उचलत नाहीस, म्हणून टपालाने गाठतो आहे.

टायपिंगचा सराव बसवून देणारी तुझी ती स्क्रिप्ट तू 'सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकाराने चालवा' म्हणालास. चालवली. तर दर्शनाच्या सरावाच्या फोल्डरातली एकूण एक फाइल 'रूट' नावाच्या गृहस्थाच्या मालकीची झाली. (हे गृहस्थ कॉम्प्युटरचे सर्वेसर्वा म्हणे. आमच्या विजेच्या बिलाला मात्र कधी पुढे आले नाहीत.) पोरीला तिथे काही जतन करता येईना. रोज बसावं, रोज पहिलाच धडा. महिनाअखेरीस परीक्षा, ती पास झाली तरच क्लार्कच्या जागेसाठी अर्ज करता येणार, आणि माझी लेक अजून पहिल्या धड्यावर. वैताग आला रे अगदी.

तुला विचारलं तर मीटिंगमधून कळवलंस, फोल्डर दर्शनाच्या मालकीचा करा, बस्स. सोबत आज्ञाही लिहून दिलीस. मी ती टाइप करायला बसलो, तर शेजारचे बाबाजी खुर्ची ओढून जवळ आले. (त्यांचा चुलतभावाशी पायवाटेवरून दावा चालू आहे, त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही.) त्यांनी विचारलं, फोल्डरापर्यंत जायची वाट कुणाची? पाहतो तर वाटेतले सगळे फोल्डर वरपासून रूटचेच.

"घर दिलंस नि वाट नाय दिलीस, तर पोरीनं काय उडत जायाचं?"

मला पटलं. कोकणात कुणाला पटणार नाही? म्हणून वाटेच्या तोंडापासून, म्हणजे त्या पहिल्या तिरप्या रेघेपासून, आतलं झाडून सगळं दर्शनाच्या नावे करून टाकलं. (त्या रेघेच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर असतो, हे मागाहून कळलं.)

आता सुडो म्हणतो, माझी स्वतःची फाइलच रूटची राहिली नाही, मी काम करणार नाही. बंद करून चालू केला, तर पडदा काळा. अख्ख्या कॉम्प्युटरची मालकीण झालेली दर्शना टेबलावर नुसती बोटं आपटते. चूक तुझ्या स्क्रिप्टची. जिच्यासाठी फोल्डर, तिच्या नावावर तो बनवतानाच करायला काय झालं होतं?

तुझा,
अभयकाका

ता.क. : दर्शनाने हे वाचलं. ती म्हणते, स्क्रिप्ट सुधार आणि शनिवारी स्वतः येऊन सगळं नव्याने बसव.

ता.क. २ : सुडोचा नवा पासवर्ड फक्त तिला दे. मी फोन करीन, गोड बोलेन, मग काका असल्याचा हक्क काढीन. तरी मला देऊ नकोस.