हर्नियासाठी स्थळ

३ फेब्रुवारी १९९७

ठरलं! ह्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन एकवीस तारखेला. सर्जन कोण? डॉ. विश्वजित, दवाखाना इथेच, जुईनगरला. निवडला कोणी? हौसेरावांनी! एपीएमसी मार्केटात हौसेरावांचा कांद्याचा गाळा, हे त्यांच्याकडे कामाला. कांदा दाबून, वास घेऊन, उलटा करून बघणारा माणूस — सर्जन मात्र नुसतं गाव विचारून पसंत केला! "आपल्या साताऱ्याचा पोरगा हाय वहिनी. हाताला गुण हाय. सहा म्हैने फॉरेनला शिकून आलाय!" कुठल्या देशात, काय शिकला — ते त्यांनाही माहीत नाही.

ह्यांना जिना चढला की धाप लागते. डॉक्टरला मी मुद्दाम सांगितलं. त्याने कार्डिओग्राम काढला, बघितला, हसला. "किरकोळ आहे ताई, टेन्शन घेऊ नका." मला त्या हसण्याचीच भीती वाटली. हे म्हणतात, तुला सगळ्यातच खोट दिसते.

६ फेब्रुवारी

मुंबईला जाऊन आले — डॉक्टरांची नोंदणी असते त्या ऑफिसात. ह्यांना सांगितलं, ब्लाउजपीस आणायला चाललेय. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, ह्या डॉक्टरवर कधी काही कारवाई झालीय का?

"तुमची तक्रार आहे?"

"नाही. तक्रार करायची वेळ येऊ नये म्हणून विचारतेय."

"मग वेळ आल्यावर या."

आणि गेला चहा प्यायला! मेला!

७ फेब्रुवारी

ह्यांनी ब्लाउजपीस विचारला. रंग जुळला नाही म्हटलं.

११ फेब्रुवारी

ठाण्याला गेले. डॉक्टर आधी जिथे होता, त्या हॉस्पिटलात. मुक्ताबाई म्हणून तिथल्या जुन्या नर्स. "देवमाणूस हो! डोळे झाकून जा." ज्याला विचारावं तो डोळे झाकायला सांगतो!

कसं सुचलं देव जाणे, तोंडातून निघून गेलं, "नाही, म्हणजे... आमच्या नंदिनीला, माझ्या नणंदेला, त्यांचं स्थळ सुचवलंय."

बाईंचा चेहराच पालटला. दार लोटलं. मला खुर्ची दिली, चहा मागवला. "अगं बाई! आधी नाही का सांगायचं! मुलीच्या जन्माचा प्रश्न. खोटं कशाला बोलू?"

आणि सगळं बाहेर पडलं. एका बाईला टेबलावर भूल देऊन ठेवली, आणि हा दुसऱ्या नर्सिंग होममध्ये दुसरं ऑपरेशन उरकायला गेला. बाई गेली. तिच्या नवऱ्याने तक्रार केली, ह्याची सहा महिने डॉक्टरकी बंद. तेच ते फॉरेन! "मुलगी देऊ नका," म्हणाल्या. मुलगी कुठली, गाव कोणतं, भाऊ काय करतो — त्यांनी विचारलं आणि मी घाबरून सगळं खरं सांगून बसले.

मी पेशंटची बायको म्हणून गेले तेव्हा देवमाणूस, आणि मुलीची वहिनी झाले की चहासकट खरं! रिक्षात बसून रडले.

१२ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. लालबुंद झाले. "असल्या माणसाला नंदिनी द्यायची? छट्! मेलो तरी नाही!"

"नंदिनीचं राहू द्या. तुमचं पोट द्यायचं का?"

"ते वेगळं. तारीख घेतलीय. हौसेरावांना काय तोंड दाखवू? होते एखादी चूक माणसाच्या हातून."

बहिणीचा संसार लाखमोलाचा, स्वतःचा जीव फुकट! खूप भांडलो. भांडता भांडता वरण करपलं. तेच वाढलं.

१६ फेब्रुवारी

आता हे काय नवीन! मुक्ताबाईंच्या पोटात काही राहिलं नाही. स्वतः काय बोलल्या तेवढं सोडून बाकी सगळं डॉक्टरच्या आईच्या कानावर घातलं. आई खूश! हौसेराव मध्यस्थ म्हणून दारात हजर, पेढे घेऊन. "मनात व्हतं तर आधी बोलायचं न्हाई व्हय वहिनी? द्या पत्रिका!"

हे आतल्या खोलीत लपले. हौसेराव गेल्यावर बाहेर आले. म्हणाले, "एवढ्यात नकार देऊ नको बरं. चिडून माझ्या पोटात काही करायचा! ऑपरेशन होईपर्यंत बघतो, कळवतो म्हणत राहा." म्हणजे ऑपरेशन त्याच्याकडूनच! डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. मग पेढा खाल्ला.

१९ फेब्रुवारी

झोप नाही. देवाला साखर ठेवली. बोलायचं ते सगळं बोलून झालंय.

२० फेब्रुवारी

नकार आला. त्यांच्याकडून!

मी हॉस्पिटलची पिशवी भरत होते. हौसेराव आले, मान खाली. "काय सांगू वहिनी. आईला लई पसंत व्हतं. डॉक्टरच नको म्हनला. म्हनला, मुलीच्या भावाचं हृदय कामातून गेलंय, टेबलावरनं उठंल ह्याचा भरवसा न्हाई. उद्या सगळी सासुरवाडी आपल्या गळ्यात पडायची."

हे दारातच उभे होते. पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला आणि परत दोरीवर टाकला.