खुर्चीवरच्या बाईचा अभिप्राय

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत बरी असावी. दोन वर्षांत तुझं अक्षर दिसलं नाही, तेव्हा तुझा उजवा हात दुखत असणार असं मी धरून चालले आहे. (डावा दुखत असेल तर मात्र मला राग येईल.) माझे गुडघे आहेत तिथेच आहेत.

माझं काम तुला ठाऊकच आहे. चित्रकार मंडळाच्या हॉलमध्ये मी न हलता खुर्चीवर बसते आणि बारा जण माझं चित्र काढतात. (पूर्ण कपड्यांत, हे भावोजींना पुन्हा एकदा सांग.) चित्रं झाली की ही मंडळी अशी भांडायची की एकदा टर्पेंटाइनची बाटली फुटली. म्हणून फ्रेमवाल्या काकांनी मंडळाचा ब्लॉग काढला. चित्राचा फोटो तिथे टाकायचा, काय म्हणायचं ते खाली लिहायचं आणि हॉलमध्ये तोंड मिटून ब्रश चालवायचा. तेव्हापासून इतकी शांतता असते की मला झोप आवरत नाही.

मार्चमध्ये मास्तरांनी (निवृत्त गणितशिक्षक, स्वभावाने मऊ, रेषेने कच्चे) माझं चित्र ब्लॉगवर टाकलं. नाव 'प्रतीक्षा'. खाली एक्केचाळीस अभिप्राय! ही बाई कोणाची वाट पाहते? मूर्तिकारबाईंच्या मते परागंदा मुलाची. पोस्टर रंगवणाऱ्याने लिहिलं, मृत्यूची. एकाने तर अख्ख्या मानवजातीची. (ती आली तर बसणार कुठे, खुर्ची एकच आहे.) तीन दिवस वाचत राहिले. चौथ्या दिवशी 'खुर्चीवरची बाई' या नावाने मीही लिहिलं, "कोणाचीही वाट पाहत नव्हते. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. सुट्टी कधी होते ते बघत होते."

त्यानंतर खाली कोणी अक्षर लिहिलं नाही आणि मास्तर यायचेच बंद झाले. तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना, त्यांच्या घरी गेले. ब्रश धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. मी माफी मागितली.

"चूक माझीच," ते म्हणाले. "नऊ वर्षं तुम्हाला काढतोय. पहिल्यांदाच चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असं वाटलं. आणि त्या मुंग्या निघाल्या."

मला हसू आलं नाही, ताई. "सोमवारी या, मी नीट बसेन," म्हटलं.

"नीट तर तुम्ही नेहमीच बसता," ते म्हणाले.

सोमवारी आले. पण तीन तास नुसता माझा कान काढला. चेहऱ्याकडे बघेचनात.

असो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
धाकटी

ता. क. आईचं शिलाई मशीन तूच ठेव. त्यावरून मी एवढी का भांडले कोण जाणे, मला तर सुईत दोराही ओवता येत नाही.

आणखी एक ता. क. मुंग्या आल्या नव्हत्या. आई जाऊन त्या दिवशी दोन वर्षं झाली होती. निदान आज तरी तुझा फोन येईल असं वाटत होतं. फोन मांडीवर, हाताखालीच धरला होता. मास्तरांना जे दिसलं ते खरंच होतं, आणि हे त्यांना कळायला हवं. ब्लॉगवर सगळ्यांसमोर लिहू का, एवढं कळव. फोनच केलास तरी चालेल. सोमवारी मी खुर्चीवर असते, पण तुझा आला तर हलेन.