पुराच्या वर्षाचं पान

बुधवार, ९ जुलै

प्रिय भाऊजी,

शालोम. तुम्ही आणि जाऊबाई बरे असाल असं धरून चालते. अकरा वर्षांत विचारलं नाही, तेव्हा आता विचारायला तोंड नाही.

मी बरी आहे. थोडी वाळले आहे, त्याचं कारण पुढे येईल. तुमचे दादा गेल्याला दोन वर्षं होतील. ते गेल्यावर प्रार्थनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि मागच्या त्या दोन खोल्याही राहिल्या. सकाळी बाक पुसते, दुपारी वाचते. शाळा चौथीत सुटली, पण तुम्ही आणून दिलेल्या जुन्या पुस्तकांनी वाचायची खोड लावली, ती सुटली नाही.

त्या खोडीनेच एक काम गळ्यात आलं. प्रार्थनालयाला यंदा दीडशे वर्षं होतात. त्याचा छोटा इतिहास छापायचं ठरलं आणि जुन्या वह्या वाचून तो लिहायला चिटणिसांनी मला सांगितलं. दवाखाना कधी निघाला, शिवणवर्गात शिकून कोण पायावर उभं राहिलं, तापाच्या साथीत आपल्या बाकांवर कोणाकोणाला झोपवलं, सगळं लिहिलं. एकच पान राहिलं. पुराचं.

त्यात तुमची मदत हवी. त्या दुपारी तुम्ही मोठं दार उघडून अख्ख्या रस्त्याला आत घेतलंत. वहीत दोनशे बारा माणसं लिहिली आहेत, मला दोनशे तेरा आठवतात. बायकांच्या सज्जात ती इस्त्रीवाली बाळंत झाली. मोजणी त्याआधीची की नंतरची?

बघा, अजून मी आकड्यांतच घुटमळते आहे.

चिटणीस म्हणाले, त्या पानावर शेवटी एवढंच घाला, की एका सभासदाच्या हलगर्जीपणामुळे गर्दीत तोराची, आपल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी जमिनीवर पडली आणि मंडळींनी चाळीस दिवसांचे उपास वाटून घेऊन प्रायश्चित्त केलं. नाव घालायचं नाही, ही त्यांची माया. नाव हवंय कशाला? सगळ्या गल्लीला ते पाठ आहे.

भाऊजी, गुंडाळी माझ्या हातून पडली.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तुम्ही दाराशी म्हाताऱ्यांना उचलून आत घेत होतात. तुमचे दादा वीज बंद करायला गेले होते. पवित्र कपाटाची किल्ली आमच्या खुंटीला होती. मी गुंडाळी काढली, पोटाशी धरली आणि जिन्याकडे निघाले. ती एवढी जड असते हे मला काय माहीत? आपल्यात बाईमाणसाने कधी उचललीच नव्हती. जिन्यात पाय सटकला. तिच्या लाकडी दांड्यांचा आवाज अजून कानात आहे. दादांनी पाहिलं. त्यांनी ती उचलली, तिला ओठ लावले, वर नेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "तू स्वयंपाकघरात होतीस."

पण तिच्यावरच्या मखमलीला चिखल लागला होता, तो लपेना. सभेत सगळे म्हणाले, दार तुम्ही उघडलंत, गर्दी तुम्ही आणलीत. तुम्ही एवढंच विचारलंत, "दादा, तुम्ही तिथेच होतात. कोणी पाडली?"

दादा किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत राहिले. त्या जुडग्यावर आमचं छप्पर होतं. मी तिथेच होते, चहाचे कप गोळा करत.

बाकीच्यांनी उपास वाटून घेतले, दोन-दोन, तीन-तीन दिवस. तुम्ही मात्र चाळीसही दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता, तुमच्या घड्याळांच्या दुकानात बसलात. माझ्या वाट्याला दोन आले होते. उरलेले दिवस मी जेवले, भाऊजी. पोटभर. मग तुम्ही गाव सोडलंत.

शेवटच्या दुखण्यात दादा तुमचं नाव घ्यायचे. "बोलावू का?" असं मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही आला असतात तर सांगावं लागलं असतं.

काल चिटणिसांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, आता कशाला उकरता? गेला माणूस गेला."

मी म्हटलं, "गेले ते दोघं आहेत. त्यातला एक अजून जिवंत आहे."

खोल्यांचं काय ते मंडळ ठरवील, म्हणाले. ठरवू दे.

पानाची नक्कल सोबत आहे. त्यात पाडणारी मी आहे, माझ्या नावानिशी, आणि दार उघडणारे तुम्ही, तुमच्या नावानिशी. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी छापखान्यात मी स्वतः नेऊन देणार. शनिवारी प्रार्थना संपली की सगळ्यांसमोर उभी राहून वाचणार. वाचता येतं मला. तुमच्यामुळे.

आता का वाळले ते सांगते. शनिवार सोडून चाळीस दिवस मी उपास धरले, आज शेवटचा. त्याने तुमचे दिवस परत येत नाहीत, तेवढं कळतं मला. पण तुम्हाला लिहायच्या आधी ते किती लांब असतात ते बघायचं होतं.

फार लांब असतात.

आकडा तेवढा कळवा. नाही कळवलात तर मी दोनशे तेराच छापीन.

जिचे दिवस तुम्ही काढलेत,
ती तुमची वहिनी