डावीकडचा स्पीकर

चेंदणी, ठाणे
९ जानेवारी १९५८

ती. प्रमोदिनीताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, भाऊजी आणि मुलंही बरी असतील. बाकीचं क्षेमकुशल पुढच्या खेपेला. आज मन थाऱ्यावर नाही, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

रविवारी कल्याणला चौबळांकडे जाऊन आलो. मुलगी दाखवायला कुणी मुलाच्या घरी जातं का? पण मुलाच्या वडिलांचा, आबासाहेबांचा, हट्टच तसा. त्यांना लाउडस्पीकरचं वेड आहे. सभेतल्या भोंग्यांचं नव्हे हं, घरात बसून गाणं ऐकायच्या स्पीकरचं. "सून होणारी मुलगी आधी आमचं घर ऐकून जाऊ दे," म्हणाले.

निघताना आईने उंबऱ्यातच बजावलं, "डाव्या टोकाला बस, सगळे तुझ्या उजवीकडे येतील असं बघ. कुणी काही विचारलं की आधी हस, मग बोल." तुला का ते सांगायला नको. गालगुंडात माझा डावा कान गेला तो गेलाच, आणि आपल्या चौघांबाहेर कुणाला त्याचा पत्ता नाही. आणि नेमकं जिथे दिवसभर ऐकायचाच उद्योग, त्याच घरी मला न्यायचं! कर्म माझं.

पोहे राहिले बाजूला. खोलीत छातीएवढ्या दोन लाकडी पेट्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मध्ये टेबलावर दोन अँप्लिफायर, त्यांचे वाल्व्ह, म्हणजे काचेचे दिवेच, निखाऱ्यासारखे लाल. मुलगा, प्रभाकर, जमिनीवर बसून वायरी जोडत होता आणि धाकटी बहीण रतन शेजारी. "रतन, ही तांबडी ना?" "हो दादा." "आणि ही?" "हिरवी." एवढा रेडिओ कंपनीतला इंजिनियर, पण बहिणीला विचारून जोडतोय, याचं मला कौतुक वाटलं.

आबासाहेब समजावत होते, "हा अँप्लिफायर त्या पेटीला लावला की आवाज फाटतो, आणि हिला लावला की मध! दोष कुणाचाच नाही, जोडी चुकते." बाबा "वा वा" म्हणाले. त्यांना काय कळलं देव जाणे.

मग मला दोन पेट्यांच्या मधोमध बसवून सतारीची तबकडी लावली. आबासाहेब खटका दाबून एकदा ही पेटी वाजवायचे, एकदा ती. "कुठली खरी वाटते, सांग मुली." मला उजवीकडची मोकळी वाटली, डावीकडची पांघरुणाखालून वाजल्यासारखी. तसं सांगितलं. म्हातारा खूश, ती त्यांनी स्वतः बांधलेली होती. म्हणाले, "थांबा, आता खोलीचा दोष काढू!" आणि बाप-लेकांनी घामाघूम होऊन पेट्यांची अदलाबदल केली.

पुन्हा सतार. आणि काय सांगू ताई! मला पुन्हा उजवीकडचीच मोकळी वाटत होती. खोटं बोलायची तयारी होती, पण पेटी हलली, आता "डावीकडची" म्हणायला हवं, हे त्या गडबडीत लक्षातच आलं नाही. "उजवीकडची," म्हटलं. सगळे हसले. मुलाची आई म्हणाली, "दोन्ही आवडल्या म्हणायच्या, पोर मनाची चांगली आहे." प्रभाकर तेवढा हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. चहा आला तेव्हा आपलं स्टूल उचलून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला.

मंगळवारी होकार आला. आईने पेढे वाटले. मी म्हटलं, त्यांना सांगूया. तर म्हणते, "तोंड मिटून बस. अक्षता पडल्या की काय ते सांगू." त्याला कळलंय, नक्की कळलंय. मग घरी का नाही बोलला? आणि बोलला असेल तर होकार कसा आला? अन्न गोड लागत नाही. ताई, मला ते घर आवडलं. तो आवडला. म्हणून तर जास्त भीती वाटते. मी काय करू ते लवकर कळव.

तुझी,
उत्तरा


२० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. तुझं उत्तर यायच्या आतच उपद्व्याप करून बसले. चौबळांना कार्ड टाकलं. पाकीट नाही, उघडं कार्ड, सगळ्या घराने वाचावं म्हणून. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उत्तरा." बस्स. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

प्रभाकरचं उत्तर आलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही स्वतः सांगता का, ते बघत होतो."

अस्सा संताप आला! सतारीची परीक्षा झाली, आता ही आणखी एक? उलट टपाली लिहिलं, "बघून झालं असेल, तर तुमचं काय लपलंय तेही कळवा." आई कपाळावर हात मारून म्हणाली, "हातातोंडाशी आलेला घास घालवलास गं!" तिच्यासमोर मी तोऱ्यात होते, पण दार वाजलं की पोस्टमन आला का बघायला आधी मीच धावायचे.

आज तोच आला, रतनला घेऊन. उजवीकडे बसला. दाखवायला आणलेल्या मुलीसारखा खाली बघत होता. म्हणाला, "कार्ड आबांनी वाचलं. म्हणाले, मग तो निकाल रद्द, या खेपेला दोन्ही पेट्या तिच्या उजवीकडे ठेवा. आई मात्र गप्प आहे. ती काय म्हणेल ठाऊक नाही." मग पुढे म्हणाला, "आणि माझं म्हणाल, तर तांबडं न् हिरवं मला सारखंच दिसतं. वायरी रतन ओळखते. कंपनीत कळलं तर नोकरी जाईल. आबांनाही सांगितलेलं नाही."

दाराआड आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.  मी म्हटलं, "रतन सासरी गेली की वायरी कोण ओळखणार?"

"तेच विचारायला आलोय," म्हणाला.

त्याच्या आईचा होकार अजून यायचा आहे. आमचा झाला.

तुझीच,
एका कानाची, पण दोन्ही डोळे शाबूत असलेली,
उत्तरा